प्लिमथचं कपाळ

“आक्का, आता साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा बघू.”

“ते आन् कशाला?”

“कवळी नीट बसली का ते कळतं. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजली, तर परत घासायला न्यावी लागते.”

हौसाक्कांनी नव्या दातांवरून जीभ फिरवली, नवी नवरी सासरच्या भिंतीवरून हळूच हात फिरवते तशी. मग म्हणाल्या, “आकडं मला चाळीसाच्या म्होरं येत न्हाईत, दातवाल्या. ओवी म्हन्ते. तुला पायजे तेवढं ‘स’ घालते तिच्यात.”

आणि डोळे मिटून, मांडीवर हाताने ठेका धरून त्यांनी सुरू केलं:

सरकारांची मोटार। सकाळच्या गं उन्हात
धनी बसे डाव्या अंगा। सारी वाट त्याच्या हातात

“वाजली की रं शिट्टी,” त्यांनी डोळे उघडले. “आन् वाजली ती बी सरकारालाच!”

मागे शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेली त्यांची लेक नंदा हसायला लागली. “आई, बाबांच्या हॉर्नची आठवण झाली बघ.”

सांगलीतली ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे माझी छोटीशी लॅब होती. मी कवळ्या करायचो. ज्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नसे, त्यांच्या घरी डॉक्टर मलाच पाठवायचे. आम्ही जातीचे सुतार. बापाने जन्मभर लाकूड तासलं, मी दात तासतो, एवढाच काय तो फरक. डाग काढायचा, खरबरीत असेल ते गुळगुळीत करायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते या कामाच्या सवयीनेच झालं.

ओवी ऐकून मी कवळी काढायची विसरलो.

“आक्का, धनी डाव्या अंगाला कसा? ड्रायव्हर तर उजवीकडं बसतो.”

“आपल्याकडं. ती अमेरिकेची गाडी हुती लेकरा. तिचं चाक डाव्या अंगाला. मी चेष्टा करायची त्येंची. म्हणायची, लग्नात बायकू डाव्या अंगाला बसती, हितं तुमीच डाव्या अंगाला. म्हंजी गाडी नवरा आन् तुमी बायकू!”

“कुठली गाडी?”

“पिलमूट.”

प्लिमथ.

मला एक वेड होतं. आहे. बोटभर लांबीच्या जुन्या अमेरिकन गाड्या, धातूच्या ओतीव, आमच्या जन्माआधी इंग्लंडात झालेल्या. खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल. माशाच्या शेपटासारखे मागचे पंख, काचेचा बाक, दारांच्या रेघा. आणि पुढची जाळी तर दात विचकून हसल्यासारखी. दातांच्या माणसाला ते हसू आवडलं यात नवल काय? मुंबईच्या जुन्या बाजारातून, मिरजेच्या एका मिशनरी बाईच्या सामानातून, कुणाच्या पोटमाळ्यावरून अशा सतरा जमवल्या होत्या. ब्यूक होती, हडसन होती, गुलाबी कॅडिलॅक होती. प्लिमथ नव्हती. कपाटात तिची जागा मी मोकळी ठेवली होती, पंगतीत उशिरा येणाऱ्या पाव्हण्याचं पान मांडून ठेवावं तशी.

“नंदे,” हौसाक्का म्हणाल्या, “दाव ह्याला तिची धाकली भन.”

नंदा उठली आणि देवाच्या फळीवरून, अन्नपूर्णेच्या शेजारून, एक निळी गाडी घेऊन आली.

प्लिमथ प्लाझा. अंग आभाळासारखं फिकं निळं, टप गडद निळा, आणि कुशीतून त्याच गडद निळ्याचा पट्टा, पाण्यावर सावली पडावी तसा. मागच्या डाव्या चाकाचं रबर मूळचं नव्हतं. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून कुणीतरी ते नेमकं बसवलं होतं. आणि पुढच्या दोन दिव्यांच्या मधोमध, बॉनेटवर, एक काळपट लाल खपली होती. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, चांगली उंच, वाळलेल्या जखमेसारखी.

गोष्ट अशी होती. हौसाक्कांचे मालक धोंडीराम निकम एका जहागीरदारांकडे ड्रायव्हर होते. जहागीरदारांनी मुंबईहून खरी प्लिमथ आणली आणि धाकट्या मुलासाठी तशीच ही खेळण्यातली मागवली. पुढे दिवस पालटले, खरी गाडी विकली गेली. निरोपाच्या दिवशी सरकारांनी जुन्या माणसांना विचारलं, काय हवं ते मागा. कुणी शाल मागितली, कुणी घड्याळ. धोंडीरामांनी मुलाचं मोडकं खेळणं मागितलं.

“समदी हसली,” हौसाक्का म्हणाल्या. “मी बी हसले. म्हटलं, आता हिच्यात बसून पंढरीला न्या मला! तर म्हणालं, बसायला न्हवं गं, नवमीला पुजायला तरी घरात गाडी नगं? आन् पुजली. पंचवीस वर्सं. दर खंडेनवमीला तेल-कुंकवाचं बोट. त्ये बघ, दोन दिव्यांच्या मधी. गाडीचं कपाळ म्हणायचे त्येला.”

“आक्का,” मी म्हणालो, “मला द्याल?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि तोंडातली कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. “शिट्टी काढून आण.”

त्या कवळीसाठी मी चारदा गेलो. पहिल्यांदा शिट्टी काढून दिली. दुसऱ्यांदा हिरडीला टोचतंय का ते विचारायला. तिसऱ्यांदा चुकून इकडे आलो होतो म्हणून. चौथ्यांदा मला कारणच सुचलं नाही, म्हणून पेरू घेऊन गेलो.

“नव्या दातानं पेरू खायाला घालतोस?” हौसाक्का म्हणाल्या. “का मोडल्यावर परत यायची सोय?”

नंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मी खाली बघत होतो. खाली बघत असलो तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला देवाची फळी दिसत होती, हे त्या बाईला मोतीबिंदूच्या जाळीतूनही दिसलं असावं.

“ती तुझी गुलाबी कुठली रं, रोज सांगतोस ती?”

“कॅडिलॅक.”

“तिला पुजतोस?”

“पुजत नाही. कपाटात ठेवतो. काच लावलीय. रोज बघतो.”

“बघतोस,” त्या म्हणाल्या. मग नंदाला म्हणाल्या, “दिऊन टाकू का गं ह्याला?”

नंदाचे हात थांबले. “आई, तुझा जीव आहे त्या गाडीत.”

“म्हणून तर. त्येनी गेल्यापासनं पाचवी नवमी येतीया. तुझा नवरा तिकडं ट्रकवर, नवमीला कवा घरात नसतो. गाडीला गड्याचंच बोट लागतं म्हणायचे त्येनी. माझ्या हातानं तर चालत न्हाई. किती वर्सं कोरडी ठिवू तिला?” मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “हे बघ, दातवाल्या. गाडी तुझी. पर दर खंडेनवमीला हिला हितं घिऊन यायचं आन् माझ्यासमोर कुंकू लावायचं. जमंल?”

“जमेल आक्का. न चुकता. किंमत…”

“पेरू आणलास की,” त्या म्हणाल्या.

‘माझ्या हातानं चालत न्हाई’ हे मी ऐकलं होतं. पण कान गाडीकडे लागलेले असले की माणसाचे शब्द वाऱ्यावरचे पाचोळे होतात.

नवमीला चार दिवस राहिले तेव्हा मी गाडी धुवायला काढली.

सुताराच्या घरात वाढलो मी. खंडेनवमीच्या आधी आमचा बाप रंधे, पटाश्या, करवती सगळं घासूनपुसून लखलखीत करायचा. गेल्या वर्षीचं कुंकू खरवडायचा, मूठ तेलाने चोळायचा, मग पाटावर मांडायचा. शिळ्या कुंकवावर ताजं कुंकू लावायचं नसतं, असं तो म्हणायचा. मीही माझी लॅब तशीच धुतो. तेव्हा आक्कांच्या नवमीला आक्कांची गाडी मळकी न्यायची? मला वाटलं, बाईच्या डोळ्यांना दिसत नसेल, पण लेकीला तरी दिसेल ना, किती जपलीय ती.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. त्या खपलीखाली मूळचा निळा कसा असेल, हे बघायची मला भूक लागली होती.

लॅबमध्ये दुपारी कुणी नव्हतं. वाटीत कोमट साबणाचं पाणी घेतलं. कापूस खोबरेल तेलात बुडवून खपलीवर ठेवला आणि चहा पिऊन आलो. कापूस उचलला तेव्हा खपली मऊ झाली होती. भिंगाखाली धरली तेव्हा सगळ्यात वरच्या थरात मला रेषा दिसल्या. बारीक, गोल गोल फिरणाऱ्या, मेणात उमटाव्या तशा. बोटाच्या रेषा. मी ठशांचाच माणूस. लोकांच्या तोंडातले ठसे घेऊन पोट भरतो. जबड्याचा ठसा जरा पुसट आला तर परत घेतो मी. तो ठसा किती स्वच्छ आलाय, हे माझ्या मनाने टिपलं. कौतुकही केलं.

मग मी मऊ ब्रश उचलला.

आधी लाल निघालं. मग विटकरी, मग काळं. थरावर थर, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे. वाटीतलं पाणी जास्वंदीसारखं लाल झालं. कोपऱ्यातलं मी दात कोरायच्या काडीने काढलं, बारीक भुकटीने हलकेच पुसलं. तासाभराने दोन दिव्यांच्या मधे आभाळ मोकळं झालं. एक ओरखडा नाही. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाली असेल तसा तो निळा हसत होता. मी स्वतःवरच खूश झालो. पाणी मोरीत ओतलं.

खंडेनवमीच्या सकाळी कवळ्या पाठवायच्या खोक्यात कापूस अंथरून गाडी ठेवली, झेंडूची दोन फुलं घेतली आणि हौसाक्कांकडे गेलो. नंदाने पाट मांडला होता. पाटावर विळी, खलबत्ता, तिची शिलाईची कात्री, नवऱ्याचा जॅक. मधे हाताएवढी जागा मोकळी. हौसाक्का धुतलेलं फिकं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. दात घातले होते.

“आला का दातवाल्या? दे. आदी माझ्या हातात दे.”

मी गाडी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांचा अंगठा सरळ दोन दिव्यांच्या मधे गेला. थांबला. टपावर गेला, परत खाली आला. परत थांबला.

“ही आमची न्हवं,” त्या म्हणाल्या.

“आक्का, तुमचीच आहे.”

“डोळं गेलं आसतील माझं, बोट न्हाई गेलं. आमच्या गाडीला कपाळ हाय. हिला न्हाई.” त्यांचा आवाज चढला नाही, नळावर हंडा बदलला तर बाई विचारते तसा साधा होता. “दुसरी आणलीस व्हय? मग आमची कुठं हाय?”

नंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात पेरू नव्हते, हसू नव्हतं. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं बघणं होतं ते.

“मागचं डावं चाक बघा, आक्का.”

त्यांनी चाक चाचपलं. व्हॉल्व्हची नळी. तिच्या कडेला ब्लेड जिथे घसरलं होतं, तिथे एक बारीकशी खाच होती. त्या खाचेवर त्यांचं नख अडकलं आणि तिथेच राहिलं.

“ह्ये त्येनीच बसवल्यालं हाय,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी, पुसलंस?”

“धुतली, आक्का. नवमीला धुतातच ना? आमच्यातही सगळी हत्यारं…”

“धुत्यात की. त्येनी बी धुवायचे. चाकं, काचा, पोट, पाठ. कपाळ सोडून.”

बाहेर गल्लीत कुणी रिक्षा धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

“दिगूदादा,” नंदा हळू आवाजात म्हणाली, “शेवटच्या नवमीला बाबा…”

“गप, नंदे. मी सांगते.” हौसाक्कांनी गाडी पोटाशी धरली. “दवाखान्यातनं आणलं हुतं त्येनला. हात कापत हुता. बोट नीट टेकंना, म्हणून जोरात दाबलं. मी म्हटलं, अवो गाडी मोडंल! तर हसलं. त्या दाबल्यानं बोट उमटलं हुतं तिथं. दिवाळी बघितली न्हाई त्येनी. मग बायका आल्या, माझं कुंकू पुसलं. मी म्हटलं, माझं पुसा. रीत हाय, पुसा. हिचं ऱ्हाऊ द्या.”

पोटाशी धरलेल्या गाडीवर त्यांचा अंगठा फिरला.

“रोज सांजच्याला दिवा लावला की तिथं अंगठा ठिवायची मी. बास. तेवढंच.”

वाटीतलं ते लाल पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माहीत नव्हतं म्हणून सुटता आलं असतं. पण तेही खरं नव्हतं.

“आक्का, मला रेषा दिसल्या होत्या,” मी म्हणालो. “भिंगातून. बोटाच्या. स्वच्छ दिसल्या होत्या.”

“मग?”

“कुणाच्या, ते विचारायला आलो नाही.”

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, हिशेब पटल्यासारखीही नाही. नुसती हलवली. नंदाने डोळे पुसले आणि निरांजन लावलं, कारण हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं तिला.

“लाव आता,” हौसाक्का म्हणाल्या. “बोललास ना, लावतो म्हणून.”

गाडी पाटावर ठेवली. मी अनामिका तेलात बुडवली, कुंकवात बुडवली, बॉनेटवर नेली. बोट खाली जाईना. चार दिवसांपूर्वी याच हाताने मी तिथे ब्रश फिरवला होता. मी हात मागे घेतला.

“आक्का, माझ्यानं होत नाही.”

त्या सरकत सरकत पाटाजवळ आल्या. चाचपत तेलाची वाटी शोधली. करंडा शोधला.

“आई!” नंदा म्हणाली. “अगं, तू?”

“मग काय हिला पांढऱ्या कपाळानं ठिवू?”

“लोक…”

“कुठायत लोक? तू हाईस, आन् ह्यो दातवाल्या हाय. त्यो कुणाला सांगतोय? माझ्या तोंडात त्येचंच दात हायत, सांगितलं तर त्येलाच चावंन.”

नंदाला रडता रडता हसू आलं. मलाही येऊ नये ते आलं. आणि त्या हसण्यातच, आमचं लक्ष नाही असं बघून, हौसाक्कांनी आपलं बोट दोन दिव्यांच्या मधे टेकलं. पाच वर्षांत कुंकवाला न शिवलेलं बोट. टेकलं आणि जोरात दाबलं. डोळे मिटले होते, ओठ हलत होते. शब्द मला ऐकू आले तेवढे सांगतो:

मोटारीला माझ्या। कुंकू नवमीचं लेववा
दोन दिव्यांच्या गं मधी। तिसरा धन्याचा दिवा

शिट्टी वाजली नाही.

मग सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला, बोट पुसायला. अर्ध्यावर थांबला. तसाच मांडीवर आला. ते एक बोट त्यांनी बाकीच्या बोटांपासून जरासं बाजूला धरून ठेवलं, ओल्या रंगाचं दार कुणी लोटू नये म्हणून धरावं तसं.

गाडी परत खोक्यात ठेवून निघताना मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला नाही. डावा ठेवला, उजवा मागे ठेवला.

“म्होरल्या नवमीला ये,” त्या म्हणाल्या. “धू खुशाल. पर कपाळ सोडून.”

कोपऱ्यावर वळताना मी मागे बघितलं. नंदाचा हात धरून त्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि मी कुठे आहे ते न दिसताच उजवा हात हलवत होत्या. एवढ्या लांबून मला त्यांचं तोंड दिसलं नाही. बोट दिसलं.

त्यानंतर तीन नवम्या त्यांनी लावलं. चौथीला त्या नव्हत्या; मी आणि नंदाने लावलं, पण त्यांच्या बोटाच्या ठशावर नाही, शेजारी.

आता माझ्याकडे एकोणचाळीस गाड्या आहेत. लांबलांबून माणसं बघायला येतात. परवा पुण्याचा एक तरुण आला होता, जाणकार. कॅडिलॅक बघितली, हडसन बघितली, आणि प्लिमथपाशी वाकून म्हणाला, “काका, हिचा रंग तर अगदी मूळचा आहे. फक्त पुढं हा डाग पडलाय. निघत नाही का?”

“निघतो,” मी म्हणालो. “एका दुपारी निघतो.”

आणि कपाटाची काच लावून घेतली.